सेकंदाला दहा लाख अंश

(दृश्य: पाटावर पसरलेला चिक्कीचा पाक)

साखर एकच. दाट पाकात दोरा सोडून भांडं काही दिवस निवांत ठेवलं, तर दोऱ्यावर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. तोच पाक कडक करून थंड पाटावर ओतला, तर खडे धरायला सवडच मिळत नाही. हाती येतो काचेसारखा पापुद्रा, टचकन मोडणारा.

धातूच्या रसाचं काय होतं?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली ओतीव अ‍ॅल्युमिनियम)

वाळूच्या साच्यात रस सावकाश निवतो. स्फटिक झाडासारखे फांद्या फोडत वाढतात. यांना डेंड्राइट म्हणतात. बेचक्यांतला रस शेवटी गोठतो आणि नको असलेलं सगळं तिथेच साचतं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाचं वावडं का, ते इथे कळतं. घट्ट झालेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड विरघळतं ते फार तर ०.०५ टक्के. बाकीचं सुयांसारख्या ठिसूळ कणांत बाहेर पडतं, आणि तडा जायला तेवढं निमित्त पुरतं.

तोच रस क्षणार्धात गोठवला तर लोखंडाच्या अणूंना एकत्र जमायला वेळच उरत नाही. काही टक्के लोखंड आतच अडकून राहतं आणि धातूला बळ देतं. कालचा खोडसाळ आज कामाला लागतो, म्हणा ना! फांद्याही बारीक होतात, एखाद्या मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. धातू वाकतो तेव्हा अणूंच्या रांगांमधला दोष पुढे सरकत असतो. कणाची, म्हणजे धातू ज्या लहान स्फटिकांचा बनतो त्यातल्या एकाची, सीमा आली की तो अडतो. कण जितके बारीक, तितक्या सीमा जास्त. हॉल आणि पेच यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला याचा हिशेब मांडला: कणाचा व्यास पाव झाला, तर सीमांमुळे मिळणारं बळ दुप्पट.

(दृश्य: तांब्याच्या पत्र्यावर आदळणारा थेंब)

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची कॅलटेक संस्था. मूळचे बेल्जियमचे पोल डुवेझ यांना एक गोष्ट खटकत होती. सोनं चांदीत मिसळतं, तांब्यातही मिसळतं; मग चांदी आणि तांबं गोठताना वेगळे का होतात? त्यांना वेगळं व्हायला वेळच द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. वायूच्या झोताने रसाचा थेंब तांब्यावर आपटायचा. निवण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातला. चांदी-तांबं एकजीव झालं.

१९५९ मध्ये त्याच यंत्रात सोनं आणि सिलिकॉन घातलं, आणि क्ष-किरणांच्या चित्रात स्फटिकांच्या रेषाच दिसेनात. धातूची काच! खोलीच्या तापमानालाही ती फार टिकली नाही. पण १९६० मध्ये शोधनिबंध आला आणि जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या.

(दृश्य: गरगरणारं तांब्याचं चाक)

पुढे थेंबाची धार झाली. फिरत्या थंड चाकावर रस सोडायचा. पंचवीसेक मायक्रॉन जाडीची फीत सुटत जाते. लोखंड-बोरॉन-सिलिकॉनची अशी फीत ३,००० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसते. साधं बांधकामाचं पोलाद ४००च्या आगेमागे तुटतं. मात्र ही फीत आधी ताणली जाऊन इशारा देत नाही, एकदम तुटते. आणि जाड करता येत नाही, कारण आतली उष्णता तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. म्हणून तिचं नाव झालं ते ताकदीपेक्षा चुंबकीय गुणांमुळे: ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ती वापरली, तर गाभ्यात वाया जाणारी वीज बरीच कमी होते.

(दृश्य: पावडरीवर फिरणारा लेझर)

जाडीची अडचण थ्रीडी प्रिंटिंगने वेगळ्या वाटेने सोडवली. लेझर पावडरीचा इवलासा ठिपका वितळवतो, तो लगेच गोठतो, मग त्यावर पुढचा थर. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या अशा भागात सिलिकॉनची मायक्रॉनहून बारीक जाळी तयार होते आणि भाग ओतीवपेक्षा बळकट निघतो. पण भरभर निवल्याने आत ताण साठतो. तो काढायला ३०० अंशांना दोनेक तास भाजावं, तर जाळी तुटते आणि ताकद उतरते. न भाजावं, तर ज्या पाटावर छापला त्यापासून कापताना भाग वाकडा होतो.