स्टार्टर बदलायच्या आधी मीटर लावा

बरं मंडळी, आज आऊटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनच्या स्टार्टरबद्दल बोलायचंय, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरबद्दल. चावी फिरवली, इंजिन फिरलं नाही, की लोक थेट मोटरवर येतात, नवीन घेऊ का, कुठली घेऊ. अहो थांबा ना जरा! बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, न्यूट्रल स्विच (गियर न्यूट्रलला असेल तरच स्टार्टर चालू देणारा), सोलेनॉइड (चावीच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच), जाड केबल, एवढं सगळं नीट असेल तरच करंट मोटरपर्यंत येतो, म्हणजे रांगेत मोटर शेवटची आणि शिव्या मात्र पहिल्या तिलाच.

आधी कान लावा. पटापट टकटकटक असा आवाज आला तर बॅटरी उतरलीय नाहीतर कुठेतरी कनेक्शन सैल आहे, कारण सोलेनॉइड ओढतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, की परत ओढतो. एकच दणकट टक् आणि मग शांतता, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, किंवा मोटर अडकलीय, किंवा इंजिनच जाम आहे. इथे स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनवरचं जड दातेरी चाक, हाताने फिरवून बघा, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते तिथेच कळतं, आणि त्या अवस्थेत चावी फिरवत बसलात तर खर्च वाढलाच म्हणून समजा. अगदीच काही आवाज नाही, तर फ्यूज बघा, मग गियरचा दांडा न्यूट्रलच्या आसपास थोडा हलवत चावी फिरवा. कधीकधी तेवढ्यावर चालू होतं, म्हणजे न्यूट्रल स्विच नीट लागत नाहीये.

आता मीटर, म्हणजे मल्टीमीटर. चार्ज केलेली बॅटरी नुसती ठेवलेली असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, पण त्यावर खुश होऊ नका, सडलेली बॅटरीही लोड नसताना गोंडस आकडा दाखवते. खरा आकडा क्रँक करताना, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवत असताना बघायचा, साडेनऊच्या खाली गेला तर आधी बॅटरीचं बघा. बॅटरी ठीक असेल तर मग माझी आवडती टेस्ट. मीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही हां, थेट शिशाच्या खुंटीवर, आणि काळा प्रोब स्टार्टरच्या जाड बोल्टवर. गियर न्यूट्रल, कपडे-हात फ्लायव्हीलपासून लांब, आणि एकाला चावी फिरवायला सांगा. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर काळा प्रोब एकेक जॉइंट मागे आणत जा, सोलेनॉइडचा मोटरकडचा बोल्ट, मग बॅटरीकडचा बोल्ट, मग बॅटरीवरची केबलची लग. जिथे आकडा एकदम पडेल तिथे चोर. मग हेच सगळं निगेटिव्ह बाजूला, स्टार्टरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपर्यंत, आणि ही बाजू लोक हमखास विसरतात.

बहुतेक वेळा सापडतं काय? बॅटरीवरचे ते हाताने फिरवायचे पंखवाले नट, बोटीच्या हादऱ्याने सैल झालेले. ते काढून साधे नट पान्याने आवळा. किंवा केबल वरून चकाचक आणि प्लॅस्टिक सोललं की आतलं तांबं काळं, खाऱ्या हवेने आत शिरून खाल्लेलं. ती घासून काही होत नाही, केबलच बदला, टिन केलेल्या, म्हणजे कथिलाचा थर दिलेल्या तांब्याची घ्या.

आणि हो, स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट शॉर्ट करून बघायची जी पद्धत आहे ना, ती पेट्रोलच्या वाफेशेजारी ठिणगी पाडायची पद्धत आहे, त्यात न्यूट्रल स्विचही बायपास होतो. नको.

बोल्टवर व्होल्टेज पुरेसं येतंय, इंजिन हाताने मोकळं फिरतंय आणि तरी मोटर गप्प? तर मग मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश झिजलेत, किंवा ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर खराब. लाकडाने हलकं टपटप केल्यावर फिरली तर संशय ब्रशवरच घ्या, पण हातोडा घालू नका, आतले मॅग्नेट तडकतात.

राहिलं ते मोटरचं घुर्र आवाज करून नुसतं फिरणं. पिनियन, म्हणजे स्टार्टरचं छोटं दातेरी चाक, वर उडी मारून फ्लायव्हीलच्या दातात बसत नाही. पिनियन ज्या आट्यांवरून वर चढतो त्या स्वच्छ करून हलकं तेल लावा, घट्ट ग्रीस अजिबात नको, त्यात मळ चिकटतो. आणि पिनियन वर जातो तो मोटरच्या झटक्याने, तेव्हा बॅटरी कमजोर असेल तर चांगला पिनियनही खालीच बसून राहतो, म्हणून हा आवाज आला तरी पाने काढायच्या आधी क्रँकिंगचा आकडा एकदा बघाच.