प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

(केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

"पृथ्वी सूर्याभोवती फि..." एवढं म्हणून बाई थांबतात आणि सगळा वर्ग एका सुरात "...रते!" म्हणतो. आवाज खणखणीत येतो, पण त्यात कोणाला कळलंय आणि कोण नुसतं ओठ हलवतंय, याचा पत्ता लागत नाही. "समजलं का?" या प्रश्नाचंही तेच. "हो" म्हटलं की सुटका होते, हे मुलांना फार लवकर उमगतं.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञान शिक्षणातल्या संशोधक होत्या. 1970 च्या सुमारास त्यांनी वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती घेऊन बारकाईने ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर स्वतःच सांगून टाकत किंवा दुसऱ्याला उठवत. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली आणि कच्ची समजली जाणारी मुलंही बोलू लागली. मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. शिक्षक हुशार मुलांसाठी जास्त थांबत होते आणि ज्यांना वेळ हवा होता, त्यांना कमी देत होते. हे अन्यायाचं आहे, आणि नकळत आपल्याही हातून होतं.

रो यांनी दुसऱ्या एका थांबण्याकडेही लक्ष वेधलं. मूल उत्तर देऊन थांबलं, की लगेच आपण बोलायचं नाही. हे जास्त अवघड आहे.

चौथीच्या वर्गात फळ्यावर 1/3 आणि 1/4 लिहिलेत. मोठा अपूर्णांक कोणता? एक मुलगी म्हणते, "एक चतुर्थांश." आपण पटकन "चूक, तू सांग रे" म्हणून पुढच्या बाकाकडे वळतो. त्याऐवजी तिला शांतपणे विचारा, "कसं ठरवलंस गं?" ती म्हणेल, "तीनपेक्षा चार मोठे ना, बाई." आता तिची अडचण नेमकी कुठे आहे, ते आपल्या हाती आलं. मग विचारा, "एक भाकरी तिघांत वाटली आणि तेवढीच दुसरी चौघांत, तर कोणाच्या वाट्याला मोठा तुकडा येईल?" आणि थांबा. वर्गाला शेजारच्याशी बोलू द्या. पहिलं बरोबर उत्तर आलं की लगेच "शाब्बास"ही म्हणू नका, कारण त्या क्षणी बाकीची मुलं विचार करणं सोडून देतात. "तुला पटतंय का? का पटतंय?" असं दुसऱ्याला विचारा. बरोबर उत्तरालाही "कसं" विचारायची सवय लावली, म्हणजे "कसं" ऐकलं की चुकलंच, असं मुलांना वाटत नाही.

नाव आधी घेऊ नका. "गणेश, सांग बघू..." म्हटलं की गणेश सोडून बाकी वर्ग निवांत होतो. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. आणि ते नाव नेहमी बोट वर करणाऱ्या चारपाच जणांतलंच नको.

पटसंख्या मोठी आहे, अभ्यासक्रम संपवायचाय, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक प्रश्नाला थांबा, असं मी म्हणत नाही. टाचण, म्हणजे तासाच्या तयारीची टिपणं, काढताना त्या तासाचे दोनच कळीचे प्रश्न आधी लिहून ठेवा, कारण चांगला प्रश्न ऐनवेळी सुचत नाही. तुमची उद्याची टाचणं सोबत आहेतच. त्यातला एकेक प्रश्न सांगा, फळ्यावर घेऊ या.