दहावीच्या मुलांना झोपू द्या

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'किशोरवयीन मुलांपुढची आव्हानं'. अभ्यासाचा ताण, मोबाइल, मित्रमैत्रिणी, घरच्यांच्या अपेक्षा, या सगळ्यावर बोलायचं मी संयोजकांना कबूल केलंय आणि तिथपर्यंत येणारही आहे. पण सुरुवात झोपेपासून करते. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना माझी खात्री पटत गेली की या मुलांच्या पुष्कळशा दुखण्यांचं मूळ तिथं आहे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सकाळच्या शाळेचा पहिला तास घेतलेले शिक्षक इथं किती आहेत? हात वर करा बरं. बरेच आहात. मग तुम्हाला सांगायला नको. नववीचा वर्ग, सात वाजून दहा मिनिटं. हजेरीला शेजारच्यानं कोपरानं ढोसल्यावर 'हजर' येतं. वह्या तपासताना मला पहिल्या तासाची पानं लगेच ओळखू यायची. अक्षर ओळीवरून घसरत जातं, मग एक लांब रेघ समासापर्यंत ओढलेली असते, आणि त्यापुढे शब्दच नसतात. तिथं त्या मुलाचा डोळा लागलेला असतो. तोच मुलगा मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत भिंगाचं नाभीय अंतर असं चोख काढायचा की बघत राहावं. डोकं तेच, मुलगा तोच. फरक फक्त वेळेचा.

आता माझी तक्रार ऐका. जरा लांबेल, पण ऐका. डिसेंबर 2023मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस जाहीर कार्यक्रमात म्हणाले की मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदलायला हव्यात. फेब्रुवारी 2024मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मला फार आनंद झाला. झोपेची गोष्ट सरकारी कागदावर आली! पण आली ती चौथीपर्यंतच. आपल्याकडे कित्येक शाळांत जागा अपुरी, म्हणून एकाच इमारतीत सकाळचं आणि दुपारचं अशी दोन अधिवेशनं. माझ्या माहितीतल्या एका शाळेत लहान मुलं सकाळी यायची, मोठी दुपारी. निर्णय आला, लहान गेली दुपारी, आणि आठवी ते दहावी आली सकाळी सातला. म्हणजे मुलांना झोप मिळावी म्हणून निघालेल्या कागदानं पंधरा वर्षांच्या मुलांची होती ती झोपही काढून घेतली.

पालकसभेत मी हा प्रश्न विचारला. उत्तर मिळालं, "मॅडम, मोठी झालीत आता. सवय लावली की लागते." सभेतल्या आयाबापांनीही माना डोलावल्या. मग सुरू झालं फाटक. सात पाचला फाटक बंद. उशिरा आलेल्यांची बाहेर रांग, डायरीत लाल शाईचा शेरा, आणि तिसऱ्या शेऱ्याला पालकांना बोलावणं. त्या रांगेत एक मुलगी असायची. तिच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे पाचला येतं. ते भरायचं, धाकट्या भावाचा डबा भरायचा, मग सायकल. संध्याकाळी क्लास सुटायचा साडेनऊला, जेवून वही उघडेपर्यंत साडेदहा. ही मुलगी कधी झोपत असेल, याचा हिशेब त्या लाल शेऱ्यात कुठं आहे? तिच्या डायरीत शब्द होता 'निष्काळजी'. मला तो शब्द अजून सहन होत नाही.

तुमच्या स्वतःच्या घरात बघा. सहा वर्षांचं पोर सुट्टीच्या दिवशीही साडेसहाला उठून सगळ्यांना उठवतं. आणि पंधरा वर्षांचा दादा नऊ वाजले तरी पांघरुणात. आपण म्हणतो, आळशी झालाय, रात्रभर मोबाइल बघतो. मोबाइल आहेच, नाही म्हणत नाही. पण मोबाइल नव्हते तेव्हाही हे होतंच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 1976 साली मेरी कार्सकाडन या संशोधिकेनं दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या झोपेचा अभ्यास सुरू केला. तीच मुलं दर उन्हाळ्यात पुन्हा यायची. अपेक्षा अशी होती की वय वाढेल तशी झोपेची गरज कमी होत जाईल. तसं झालंच नाही. पुरेशी संधी दिली की मोठी मुलंही नऊ तासांच्या वरच झोपत होती, आणि एवढं झोपूनही दिवसा धाकट्यांपेक्षा जास्त पेंगत होती.

याचं कारण शरीरात आहे. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन स्रवायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना हे स्रवणंच तासा-दोन तासांनी पुढे सरकतं. शिवाय दिवसभर जागं राहून झोपेची जी ओढ साठत जाते, तीही या वयात सावकाश साठते. म्हणून दहाला दिवा घालवून पाडलं तरी मूल छताकडे बघत राहतं. हे उशिराकडे सरकणं विशीच्या आसपास टोकाला पोचतं, मग हळूहळू माघारी येतं. आणि साडेपाचला उठवून आपण तोडतो ती पहाटेची झोप. स्वप्नांची झोप बहुतेक त्याच तासांत असते. आठवणी आणि भावना यांची घडी बसवण्यात तिचा मोठा वाटा आहे, असं झोपेचे अभ्यासक मानतात. मग घरात चिडचिड होते, वाचलेलं आठवत नाही, बारीकसारीक बोलण्यावर डोळ्यांत पाणी येतं. आपण म्हणतो, वयच तसं आहे. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आपल्या दहावीच्या किती घरांत ती मिळते?

'लवकर निजे, लवकर उठे' हे मीही लहानपणी पाठ केलंय. त्यातला पहिला अर्धा भाग आपण क्लासवाल्यांना देऊन टाकला आणि दुसरा तेवढा मुलांकडून वसूल करतो आहोत.

आणखी एक गंमत बघा. ज्या परीक्षांसाठी मुलांना पहाटे चारला उठवून बसवतात, त्या असतात कधी? बोर्डाचा पेपर सकाळी अकराला. नीट दुपारी दोनला. पहाटे पाठांतर होतं म्हणतात. ज्याचं होतं त्यानं खुशाल करावं. पण लातूर पॅटर्नच्या नावाखाली सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांना एकाच गजरावर उठवण्याला माझा विरोध आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं उरलीत म्हणे. आणि मार्क, मोबाइल, मैत्री सगळं राहिलंय. भरभर सांगते.

मार्कांचं असं की 'बेस्ट ऑफ फाइव्ह'पासून टक्के वाढले, पण धास्ती कमी झाली नाही, कारण स्पर्धा मोजक्या कॉलेजांतल्या मोजक्या जागांची आहे. मोबाइलचं असं की तो मुलाच्या हातातून हिसकावण्याआधी घरातले सगळेच फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, आईबाबांचेसुद्धा. मैत्रीचं असं की ग्रुपमधून काढून टाकलं जाणं हे या वयात फार मोठं दुःख असतं. 'त्यात काय एवढं' असं म्हणू नका, नुसतं ऐकून घ्या. मूल गप्प गप्प राहायला लागलं, जेवण सोडलं, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे चला. सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. लिहून घ्या, मी थांबते. 14416.

आता करायचं काय? अमेरिकेत सिॲटल शहरानं 2016 साली माध्यमिक शाळा सात पन्नासऐवजी पावणेनऊला भरवायला सुरुवात केली. मुलं उशिरा झोपू लागतील अशी भीती होती, पण मोजलं तेव्हा झोप सरासरी 34 मिनिटांनी वाढलेली निघाली. कॅलिफोर्नियात 2022पासून कायदाच आहे, हायस्कूल साडेआठच्या आधी नाही. आपल्याकडे इमारती कमी, एसटीच्या वेळा ठरलेल्या, हे मला माहीत आहे. म्हणून मी नवी इमारत मागत नाही. जिथं दोन अधिवेशनं आहेत तिथं आठवी ते दहावी दुपारी ठेवा, लहान मुलं साडेसहाला उठून तयारच असतात. त्यासाठी चौथीपर्यंतचा नियम दुबार शाळांपुरता बदलावा लागेल, तर तो बदलायची मागणी करू या. तेही जमत नसेल तिथं निदान पहिला तास गणिताचा नको, मैदानावरचा असू दे, आणि फाटकाची शिक्षा बंद करा. क्लासबद्दल केंद्र सरकारच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचना आहेत: दिवसात पाच तासांहून जास्त नको, भल्या पहाटे नको, रात्री उशिरा नको. त्या छापून घ्या आणि क्लासच्या संचालकांसमोर ठेवा.

वेळापत्रक जूनमध्ये लागतं, ठरतं मात्र एप्रिल-मेमध्ये. पालक-शिक्षक संघाचा अर्ज त्याआधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला पाहिजे. एकट्यानं जाऊ नका, वर्गातले पंधरा-वीस पालक मिळून जा. अर्जाचा नमुना मी लिहून आणलाय, बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवलाय. जाताना घेऊन जा.