उतार, ब्रेक आणि एक बोट

श्रोतेहो, नमस्कार.

डोंगरावरून सायकल खाली सोडायची म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या चढतात. हा जिवावर उदार झालेल्यांचा खेळ, आपलं काम नव्हे, असं बहुतेकांना वाटतं. बाइक पार्कमध्ये, म्हणजे सायकलींसाठी उताराच्या वाटा आखलेल्या डोंगरावर, पहिल्यांदा जाणाराही मनात हेच घेऊन जातो, आणि लिफ्टनं वर पोचल्यावर खाली बघितलं की त्याचे हातपाय गार पडतात. माझं मत विचाराल, तर डाउनहिल, म्हणजे हे डोंगरउतारावरचं सायकलिंग, शिकताना धाडस फारसं लागतच नाही. लागतो तो ब्रेक. वेग द्यायचं काम उतार फुकटात करतो. आपल्याकडे उरतं ते एवढंच, की हा वेग कुठे आणि किती कमी करायचा. म्हणून आज बोलणं मुख्यतः ब्रेकबद्दलच.

या खेळाच्या जन्मकथेतही ब्रेकच आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण मंडळी फुगीर टायरच्या जुन्यापान्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायची. त्यातल्या बऱ्याच सायकलींना मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ब्रेक असायचा, पेडल उलटं दाबलं की लागणारा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर तो एवढा तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडा आणि ग्रीस पुन्हा भरा, म्हणजे ‘रीपॅक’ करा. त्यावरून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ या दिवशी तिथे पहिली शर्यत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही माउंटन बाइकच्या इतिहासातली नावं याच टोळक्यातली. पुढे १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा डाउनहिल तिच्यात होतं. १९९९मध्ये कॅनडातल्या व्हिसलरला बाइक पार्क सुरू झालं, आणि हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वाहू लागली. लिफ्टमुळे चढाचा घाम वाचतो. पण एका दिवसात एवढा उतार वाट्याला येतो, की त्याची सवय कुठल्याच नवशिक्याच्या हाताला नसते.

आता हातच बघू. सायकल भाड्यानं घेतली, की निघण्याआधी दोन मिनिटं हँडलपाशी थांबा. ब्रेकच्या लिव्हरवर एकच बोट ठेवायचं, तर्जनी. तेही लिव्हरच्या अगदी टोकाला, जिथे ती किंचित बाहेर वळलेली असते. उरलेली बोटं आणि अंगठा हँडल धरून राहणार. आजच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला, म्हणजे द्रवाच्या दाबानं चाकावरची धातूची चकती पकडणाऱ्या ब्रेकला, एवढं एक बोट पुरतं. चारही बोटांनी लिव्हर आवळली, तर पहिल्याच दगडावर हँडल हातातून निसटायची भीती. बोट टोकापर्यंत आरामात पोचत नसेल, तर लिव्हर थोडी आत सरकवून मिळते. मनगट मोडल्यासारखं वाकत असेल, तर तिचा कोन बदलून मिळतो. भाड्याच्या सायकलीला कशाला एवढं, असं म्हणून लोक गप्प बसतात. बसू नका. काउंटरवरच्या माणसाला सांगा, त्याचं ते कामच आहे. त्याला आपलं वजनही खरं सांगा, हेल्मेट-पॅडसकट. सस्पेन्शनमधली हवा त्या आकड्यावर ठरते. इथे संकोचून चार किलो कमी सांगण्यात काही हशील नाही.

मग सपाट जागेवर ब्रेक लावून बघा. हळूहळू लिव्हर ओढत जा आणि ब्रेक नेमका कुठे पकडतो, ते बोटाला कळू द्या. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. पुढच्या ब्रेकला नवशिके फार भितात. तो दाबला की सायकलवरून तोंडघशी पडणार, अशी पक्की समजूत असते. खरं तर सायकल थांबवायची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये आहे, कारण ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो आणि टायर जमिनीला घट्ट धरतो. मागचं चाक तेव्हा हलकं झालेलं असतं, म्हणून नुसता मागचा दाबला की ते लॉक होऊन घसरत जातं. माणूस तोंडघशी पडतो तो ब्रेक एकदम आवळल्यामुळे आणि शरीर सैल ठेवल्यामुळे. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत, आणि त्याच वेळी टाचा खाली. टाचा खाली दाबल्या, की ब्रेकचा धक्का पायांतून पेडलवर जातो, हातांवर येत नाही.

पायांचं निघालंच आहे, तर सांगतो. उतारावर सीट खाली आणि आपण सीटवरून उठलेले. दोन्ही पेडल एका पातळीत, म्हणजे खालचं पेडल दगडाला अडकत नाही. गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं थोडी बाहेर. ‘मागे झुक, मागे झुक’ असा सल्ला खूप जण देतात. तो अर्धवट आहे. फार मागे गेलात, तर पुढच्या चाकावर भारच राहत नाही, आणि भार नसलेलं चाक वळत नाही. वजन पायांवर, हात हलके, हनुवटी साधारण हँडलच्या वर. तीव्र उतार आला, की सायकल आपल्याखाली पुढे जाऊ द्यायची, एवढंच मागे जाणं.

आता वळण. टायरची पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक व वळण या दोघांत वाटली जाते. वळणाच्या मध्यावर ब्रेक आवळला, तर वळायला पकड उरत नाही आणि सायकल सरळ बाहेर जाते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना. आत शिरताना बोट सैल सोडायचं, नजर वळणाच्या शेवटाकडे. बाहेरची बाजू उंच बांधलेल्या वळणाला बर्म म्हणतात. त्यात वेग सायकलला भिंतीवर दाबून धरतो, त्यामुळे घाबरून अगदी हळू गेलात तर ते उलट अवघड जातं. वळणाआधी जमिनीवर ओळीनं खळगे पडलेले दिसतील. आधीच्या शेकडो लोकांनी तिथेच ब्रेक मारल्याचा तो हिशेब. त्यांच्या थोडं अलीकडेच वेग उतरवा, हाडं खिळखिळी होणार नाहीत.

आणि उतारभर ब्रेक घासत ठेवू नका. तो तापतो, त्याची पकड कमी होते, आणि त्याआधी आपला हात जातो. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू लाकडासारखे कडक होतात. खाली पोचल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, इतके. जिथे दिसतंय आणि पकड आहे तिथे जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. सोडलेल्या चाकाला दगड-मुळांवरून जाणं सोपं पडतं.

ट्रेल, म्हणजे खाली उतरायची वाट, निवडताना पाटीवरचा रंग बघा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. युरोपात बऱ्याच ठिकाणी निळ्या-काळ्यामध्ये लाल असतो. पण एका पार्कचा निळा दुसऱ्या पार्कच्या निळ्यासारखा असेलच असं नाही. कितीही रस्त्यावर सायकल चालवलेली असो, पहिली फेरी हिरव्यावरच. तीही कुठे काय आहे ते बघत, उड्यांच्या जागा टाळून बाजूनं काढलेल्या वाटेनं. थांबायचं झालं तर ट्रेलच्या पूर्ण बाहेर, आणि वरून येणाऱ्याला लांबून दिसाल अशा ठिकाणी. उंचवट्याच्या लगेच पलीकडे कधीच नाही. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बोटं झाकणारे हातमोजे, यावर चर्चा नको.

दमल्याची पहिली खूण पायांत दिसत नाही, बोटात दिसते. ब्रेक हवा तिथे न लागता थोडा उशिरा लागायला लागला, ओळखीच्या वळणावर बाहेर जायला लागलात, की तो दिवस तिथेच संपवा. लिफ्ट बंद व्हायला अजून तासभर आहे, तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत, मित्र ‘अजून एक’ म्हणताहेत, हे सगळं चालूच राहणार. मित्रांना वर जाऊ द्या. तुम्ही सायकल परत करा, आणि परत करताना डिस्कला बोट लावू नका, चांगलाच चटका बसतो.

नमस्कार.