असीलाच्या भिंती

या भिंतीजवळ जरा थांबू. चुन्याचा ताजा हात दिलाय, आणि जमिनीपासून वर थेट खिडकीपर्यंत रंगांच्या लाटा चढल्यात. भिंत कुठल्या कलादालनाची नाही, राहत्या घराची आहे. आत स्वयंपाक चाललाय.

मोरोक्कोत टँजिअरच्या दक्षिणेला, अटलांटिकच्या काठावर असीला वसलंय. ही तटबंदी पोर्तुगिजांची. 1471 साली त्यांनी हे गाव जिंकलं, त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी गोवा.

मोहम्मद बेनाइसा इथलेच, जन्म 1937चा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात पत्रकारिता शिकले, मग संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत नोकरी केली. गावी परतले तेव्हा असीलाची रया गेली होती. 1976 साली ते नगरपालिकेवर निवडून आले. हाताशी पैसा नव्हता, पण मोहम्मद मेलेही हे गावचेच चित्रकार सोबत होते.

1978च्या उन्हाळ्यात दोघांनी चित्रकारांना बोलावलं आणि गावाच्या भिंती त्यांच्या हवाली केल्या. गल्लीतच शिड्या लागल्या. पाव आणायला निघालेल्या बाईच्या समोर चित्र उभं राहत होतं. हाच असीलाचा मौसेम, म्हणजे दरसालचा कला-उत्सव. पुढच्या मौसेमला या भिंतींवर पुन्हा चुना फिरतो, नवं चित्र येतं. रंगवणाऱ्यांत गावची पोरंही असतात.

समुद्रावर झुकलेल्या या खिडक्या रैसूनी या बंडखोर सरदाराच्या वाड्याच्या. एके काळी त्याच्या नावाचा या मुलखाला धाक होता. आता इथे छापचित्रांचे कागद वाळत घातलेले दिसतात. आणि या बागेला काँगोचे कवी चिकाया उ तामसी यांचं नाव आहे. आफ्रिकेच्या कवीची आठवण आफ्रिकेच्याच एका छोट्या गावाने जपावी, हे मला फार मोठं वाटतं.

1989 साली असीलाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. बेनाइसा तेव्हा सांस्कृतिक मंत्री होते. पुढे वॉशिंग्टनला राजदूत, 1999 ते 2007 परराष्ट्रमंत्री. 2002 साली एका ओसाड बेटावरून स्पेनशी उडालेला खटका याच काळातला. मंत्री असतानाही ते गावचे नगराध्यक्ष होते.

गावाचं नाव झालं तशा घरांच्या किमती वाढल्या, बाहेरचे लोक घरं घेऊ लागले.

28 फेब्रुवारी 2025 रोजी बेनाइसा गेले.

ही मुलगी बघा. ब्रश तिच्या हातापेक्षा लांब आहे. निळा रंग कोपरापर्यंत ओघळलाय, आणि तिचं सगळं लक्ष भिंतीकडे.