टू-स्ट्रोकचा झटका: वायझेड 250 माणसाळवताना

[दृश्य: मातीचा ट्रॅक. गाडी वळणातून बाहेर पडते, मागचं चाक एकदम घसरतं.]

टू-स्ट्रोक इंजिनात ताकद सारखी वाटलेली नसते. यामाहाची वायझेड 250 घ्या. 249 सीसी, पेट्रोल-पाण्यासकट जेमतेम 103 किलो वजन, आणि मागच्या चाकावर साधारण 45 अश्वशक्ती. खालच्या फेऱ्यांवर गाडी शहाण्यासारखी चालते. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास मात्र ती एकदम सुटते. मोकळ्या मोटोक्रॉस ट्रॅकवर उडी मारायला हेच हवं असतं. ओल्या मातीत, दगडगोट्यांत, झाडीतल्या अरुंद वाटेवर हाच झटका चालवणाऱ्याला पाडतो.

कारण एक्झॉस्टमध्ये आहे. पुढचा फुगीर पाइप म्हणजे एक्स्पान्शन चेंबर. धुराची लाट त्याच्या निमुळत्या टोकावर आपटून मागे फिरते आणि सिलिंडरबाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलते. पण ही लाट ठराविक फेऱ्यांवरच वेळेत पोचते. त्याच्या खाली ती चुकीच्या वेळी येते, इंजिन अर्धपोटी चालतं. वेळ जुळली की सिलिंडर एकदम पोटभर. चालवणाऱ्याला जाणवतो तो हा फरक.

ही दरी बुजवायला पॉवर वाल्व असतो. कमी फेऱ्यांवर तो एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर जायच्या भोकाची, वरची बाजू झाकून धरतो, म्हणजे पोर्ट उशिरा उघडतो आणि ओढ मिळते. फेऱ्या वाढल्या की वाल्व वर सरकतो. वायझेडमध्ये हे काम इंजिनाच्या उजव्या बाजूचा गव्हर्नर करतो. त्यात पोलादी गोळ्या असतात. वेगानं त्या बाहेर फेकल्या जातात आणि स्प्रिंग दाबून वाल्व उघडतात. सगळं यांत्रिक, सेन्सर नाही.

[दृश्य: उघडलेला पॉवर वाल्व, काळा, चिकट.]

झटका कमी करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा नवा पाइप शोधतात. आधी पॉवर वाल्वचं कव्हर उघडा. कार्बननं अडकलेला वाल्व दोन प्रकारे छळतो. बंद अवस्थेत अडकला तर वरची ताकद गायब. उघडा अडकला तर खाली जीवच नाही, आणि मग लाट जुळल्याबरोबर सगळं एकाच वेळी. दुसऱ्या प्रकाराला लोक वायझेडचा स्वभाव समजतात. वाल्व बोटानं सरकवून पाहा, कुठेही न अडखळता वरखाली व्हायला हवा. कार्बन काढायला प्लास्टिकची पट्टी किंवा पितळी ब्रश घ्या. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलेल्या ओरखड्यात पुढचा कार्बन अधिक घट्ट बसतो.

त्याच बैठकीत गळती तपासा. क्रँकचं ऑइल सील हवा खेचत असेल तर मिश्रण पातळ होतं, रेस सोडली तरी फेऱ्या चढ्याच राहतात आणि गाडी धक्क्याधक्क्यानं पळते. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून आत 6 पीएसआय हवा भरा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला, तर जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलत बसण्यात अर्थ नाही. साबणाचं पाणी लावून गळती शोधा, आधी सील बदला.

[दृश्य: रेसच्या मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा: पाव, अर्धी, पाऊण.]

मग कार्बोरेटर. वायझेडवर केहिनचा 38 मिलिमीटरचा पीडब्ल्यूके असतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण झटक्याच्या निम्म्या तक्रारी खरं तर जेटिंगच्या असतात. स्लो जेट मोठा असेल तर कमी रेसवर पेट्रोल साचतं. इंजिन गुरगुरतं, धूर सोडतं, आणि पाव रेसच्या पुढे गेल्यावर एकदम मोकळं होतं. ते मोकळं होणं नेमकं पॉवरबँडच्या, म्हणजे ताकद सुटते त्या फेऱ्यांच्या, तोंडाशी घडतं आणि झटका दुप्पट वाटतो.

इंजिन पूर्ण गरम करा. एअर स्क्रू (कमी रेसची हवा कमी-जास्त करणारा) हळुवार आत बसवा, मग दीड फेरा बाहेर काढा. तिथून पाव पाव फेरा फिरवत आयडलिंग सगळ्यात चढं आणि स्वच्छ कुठे होतं ते शोधा. ही जागा एका फेऱ्याच्या आत आली तर स्लो जेट लहान पडतोय, एक नंबर मोठा घाला. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर जेट मोठा आहे: 48 असेल तर 45 लावा. पाव ते पाऊण रेस नीडलच्या, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या सुईच्या, हाती असते. क्लिप वरच्या खाचेत नेली की नीडल खाली बसते आणि मिश्रण पातळ होतं. मेन जेट शेवटी बघा. तो मुख्यतः पूर्ण रेसवर बोलतो, आणि अरुंद वाटेवर पूर्ण रेस लागतेच कुठे?

जागा बदलली की जेटही बदलतो. अलिबागच्या किनाऱ्यावर नीट चालणारी टू-स्ट्रोक महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर नेली तर हवा साधारण आठव्या हिश्श्यानं विरळ झालेली असते. पेट्रोल तेवढंच, हवा कमी: गाडी गुदमरते. आरएक्स 100 घेऊन घाट चढलेल्यांनी हे अनुभवलेलं आहे, फक्त 98 सीसी आणि 11 अश्वशक्तीच्या गाडीत त्याची शिक्षा सौम्य असते.

ऑइलचं प्रमाण मध्येच बदलू नका. वायझेडला यामाहा 30:1 सांगते, म्हणजे पाच लिटर पेट्रोलमध्ये 167 मिलिलिटर. 40:1 केलंत तर 125 मिलिलिटर. ऑइल कमी केल्यावर त्याच जेटमधून पेट्रोल थोडं जास्त जातं, आणि तुम्ही लावलेलं जेटिंग नकळत सरकतं.

[दृश्य: डावीकडचं कव्हर काढलेलं. मॅग्नेट दिसतो.]

आता खरं माणसाळवणं. एकच बदल करायचा झाला तर तो इथे: मॅग्नेटला, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या चुंबकी चाकाला, जोडायचं वजन. 250 सीसीसाठी ही वजनं साधारण 250 ते 370 ग्रॅमची मिळतात. यानं ताकद घटत नाही, फेऱ्या चढायचा वेग घटतो. ताकदीचा काही भाग आधी ती जड चकती फिरवण्यात खर्च होतो, त्यामुळे मागच्या चाकाला पकड शोधायला उसंत मिळते. खालच्या गिअरमध्ये परिणाम जास्त, वरच्या गिअरमध्ये कमी, आणि अडचण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. मागचा ब्रेक जोरात लागला तरी इंजिन पटकन बंद पडत नाही, हा वरचा फायदा.

किंमतही मोजावी लागते. हवेत असताना रेस देऊन गाडीचं नाक उचलायची सवय असेल तर आता इंजिन तेवढ्या चपळाईनं उत्तर देणार नाही. म्हणून मोटोक्रॉसवाले वजन टाळतात किंवा सगळ्यात हलकं घेतात. झाडीसाठी 300 ग्रॅमच्या आसपास सुरुवात करावी.

बसवताना मॅग्नेट धरायचं हत्यार आणि योग्य आट्यांचा पुलर हवाच. प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन अडवणं म्हणजे नव्या पिस्टनचं बिल. मॅग्नेट हातोड्यानं सैल करणंही तसंच, चुंबकं आतून सुटतात. मॅग्नेट निघाला की क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटची आतली बाजू दोन्ही तेलाचा अंश न ठेवता कोरडे पुसा. पकड त्या निमुळत्या भागाची असते, चावी (खाचेत बसणारा छोटा धातूचा तुकडा) फक्त जागा दाखवते. तिथे तेल राहिलं तर जड मॅग्नेट सरकतो, चावी कातरली जाते आणि टायमिंग भलतीकडे जातं. नट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलच्या आकड्यावर. कव्हर लावण्याआधी आत थोडी मऊ माती ठेवून दाबून बघा. वजन कव्हरला घासण्याइतकं जवळ असेल तर जाड पॅकिंग लागेल.

[दृश्य: तीन रंगांच्या स्प्रिंगा: हिरवी, पिवळी, लाल.]

पॉवर वाल्वची स्प्रिंग हे दुसरं हत्यार, आणि इथे केटीएमच्या टू-स्ट्रोक एन्ड्युरो (रानवाटांच्या) गाड्या जास्त सोयीच्या. अनेक वर्षं त्यांच्या 250 आणि 300 ईएक्ससीसोबत तीन स्प्रिंगा यायच्या: हिरवी सौम्य, पिवळी मधली, लाल आक्रमक. 2024 च्या मॉडेलपासून तिथे इलेक्ट्रॉनिक पॉवर वाल्व आला आणि स्प्रिंगांचं प्रकरण संपलं.

स्प्रिंगच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. स्प्रिंगला आधीच दिलेला ताण ठरवतो की वाल्व कधी हलायला लागेल. स्प्रिंगचा कडकपणा ठरवतो की हलायला लागल्यावर किती वेगानं उघडेल. मऊ स्प्रिंग आणि जास्त ताण असेल तर वाल्व उशिरा आणि फटकन उघडतो. सगळ्यात वाईट झटका याच जोडीचा. कडक स्प्रिंग आणि कमी ताण असेल तर वाल्व लवकर सुरू होतो आणि सावकाश वर जातो. ‘झटका नको, घट्ट करा’ म्हणून ताणाचा स्क्रू नुसता आत फिरवणारे नेमका तो वाढवून ठेवतात. एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी तोच चढ, तोच गिअर.

स्प्रॉकेटबद्दल फार अपेक्षा नकोत. 14 आणि 48 दात म्हणजे 3.43 चं गुणोत्तर. पुढचा एक दात मागच्या साधारण साडेतीन दातांएवढा. मागे 47 लावलं तर 3.36, प्रत्येक गिअर किंचित लांब, झटका किंचित मऊ. पण अरुंद वळणात दुसरा गिअर लांब पडला की क्लच दाबून फेऱ्या वर ठेवाव्या लागतात, आणि क्लच सोडताना तोच झटका परत. आधी वजन लावा, मग दातांचं ठरवा.

[दृश्य: मूठ फिरते, कार्बोरेटरची स्लाइड वर जाते.]

स्वस्त उपाय मुठीत आहे. कमी व्यासाच्या रीळाची रेसची नळी मिळते. मूठ तेवढीच फिरवली तरी केबल कमी ओढली जाते. खडबडीत वाटेवर हात हादरला तरी गाडी उसळत नाही. बसवल्यावर एअर फिल्टर काढून आत पाहा: पूर्ण रेसवर स्लाइड पूर्ण वर जाते की थोडी वाट अडवून राहते? मुठीच्या कडेला 3 ते 5 मिलिमीटर मोकळीक ठेवा आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून आयडलिंग वाढत नाही ना, ते बघा.

इग्निशन थोडं उशिरा केलं तरी मधला मार मऊ होतो. पिकअप कॉइल (ठिणगीचा इशारा देणारी) ज्या प्लेटवर बसते ती प्लेट क्रँक फिरतो त्या दिशेला सरकवली की ठिणगी उशिरा पडते. आधी मूळ जागेवर बारीक रेघ मारून ठेवा, आणि एका वेळी अर्धा मिलिमीटर. जास्त उशीर केला तर उष्णता पाइपकडे जाते आणि झटका गेला तरी खालची ओढही जाते.

[दृश्य: लेथवर सिलिंडर हेड.]

कॉम्प्रेशन कमी करणं शेवटी. यात दोन आडवाटा फार वापरल्या जातात. पहिली, सिलिंडरखाली जाड पॅकिंग. यानं कॉम्प्रेशन उतरतं खरं, पण सिलिंडरच वर उचलल्यामुळे सगळे पोर्ट लवकर उघडतात, ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि खाली आणखी पोकळी. दुसरी, हेडखाली जाड पॅकिंग. इथे पिस्टनच्या कडेची फट वाढते, मिश्रण नीट दाबलं जात नाही आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप भडका, सुरू होतं.

फट मोजायला 2 मिलिमीटरची सोल्डर तार गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही बाजूंना सिलिंडरच्या भिंतीपर्यंत ठेवा, किक हातानं हळू फिरवून पिस्टन एकदा वरून जाऊ द्या, आणि चपटी झालेली टोकं व्हर्निअरनं मोजा. दीड मिलिमीटरच्या आसपास हवं. चांगला लेथवाला ही फट तशीच ठेवून हेडचा फक्त मधला खळगा मोठा करतो. बरोबर रस्ता तोच.

यामाहानं स्वतः हेच केलं. 2016 च्या मॉडेलला वायझेड 250 एक्स आली, झाडीतल्या शर्यतींसाठी. मूळ गाडीचं कॉम्प्रेशन 8.9 ते 10.6, एक्सचं 7.9 ते 9.4. दोन आकडे यासाठी, की पॉवर वाल्व उघडा असताना एक, बंद असताना दुसरा. सोबत एक्झॉस्ट पोर्ट आणि वाल्वची वेळ बदलली, वेगळा सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) दिला, गिअरमधली अंतरं वाढवली आणि मागचं चाक 19 ऐवजी 18 इंचांचं, म्हणजे टायरची भिंत उंच. कंपनीनं गाडी सौम्य करणं आपल्याकडे नवं नाही. राजदूत 350 चीही 30.5 अश्वशक्तीची हाय टॉर्क आणि 27 ची लो टॉर्क अशी दोन रूपं होती.

जुनी वायझेड 250 हाताशी असेल आणि हेड कापायचं नसेल, तर एक्सचं सिलिंडर, हेड आणि सीडीआय हा वापरला जाणारा पर्याय आहे. तिन्ही एकत्र घ्या, कारण नुसतं हेड बदललं तर पोर्ट जुनेच राहतात. गिअरबॉक्ससाठी मात्र इंजिनाचे दोन भाग उघडावे लागतात, तो खर्च वेगळा. बसवून झाल्यावर फट पुन्हा मोजा, आणि जेटिंग स्लो जेटपासून नव्यानं सुरू करा.