दंड भरणार नाही

नमस्कार श्रोतेहो.

अठरा, एकोणीस, वीस वर्षांची कॉलेजातली मुलंमुली. अंगात नीटनेटके कपडे, हातात अभ्यासाची पुस्तकं. शहरातल्या मोठ्या दुकानात शिरतात, काहीतरी किरकोळ खरेदी करतात, पैसे देतात आणि मग त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर स्टुलावर जाऊन बसतात. कॉफी मागतात. कॉफी मिळत नाही. मुलं उठत नाहीत, पुस्तक उघडून वाचत बसतात. एवढ्यासाठी त्यांना अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली. आज मला या मुलांबद्दल बोलायचं आहे. त्यातही, सुटकेचा दरवाजा उघडा असताना ज्यांनी तुरुंगात राहायचं ठरवलं, त्यांच्याबद्दल.

ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली, १९६० आणि १९६१ सालची हकीकत आहे. तिथे कृष्णवर्णीय माणसाला दुकानातून साबण घेता येई, वही घेता येई. त्याचे पैसे गोऱ्या गिऱ्हाइकाच्या पैशांबरोबर एकाच गल्ल्यात पडत. पण चार पावलांवरच्या काउंटरवर बसून खायची त्याला बंदी होती. पाण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या, बस स्टँडवरच्या प्रतीक्षालयाच्या खोल्यासुद्धा वेगळ्या. ज्यांच्या घरात महाडच्या चवदार तळ्याची हकीकत सांगितली जाते, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे शहर घ्या. फेब्रुवारी १९६० मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दुकानादुकानांत असं बसायला सुरुवात केली. शनिवार, २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांची टोळकी त्यांच्यावर चालून आली. मुलांना स्टुलावरून खाली ओढलं, मारलं, पाठीवर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलीस आले आणि त्यांनी मार खाणाऱ्यांनाच धरून नेलं. एक तुकडी पोलिसांच्या गाडीत चढली, की दुसरी तिच्या जागी येऊन बसे. त्या एका दिवसात ८० च्या आसपास विद्यार्थी पकडले गेले. जामिनाची रक्कम आधी १०० डॉलर होती, ती ५ डॉलरवर आणली. तरीही मुलं म्हणाली, नको.

दोन दिवसांनी खटला उभा राहिला. मुलांचे वकील होते झेड अलेक्झांडर लूबी, शहरातले नामवंत कृष्णवर्णीय वकील. ते बाजू मांडत असताना न्यायाधीशांनी चक्क त्यांच्याकडे पाठ फिरवली. निकाल ठरलेला होता: प्रत्येकी ५० डॉलर दंड, नाहीतर महिनाभराहून थोडी जास्त मजुरीची कैद. तेव्हा डायन नॅश नावाची फिस्क विद्यापीठातली विद्यार्थिनी उभी राहिली. तिच्या म्हणण्याचा आशय असा, की आम्ही हा दंड भरला, तर आम्हाला पकडण्यात आणि दोषी ठरवण्यात जो अन्याय झाला, त्याला आम्हीच हातभार लावला असं होईल. ती वयाने फक्त एकवीस वर्षांची होती.

ही भाषा, ही शिस्त त्या मुलांकडे आयती आली नव्हती. त्यामागे दीड-दोन वर्षांची तालीम होती, आणि ती देणारा माणूस नागपूरहून गेलेला होता.

जेम्स लॉसन हे त्याचं नाव. जन्म १९२८ सालचा, पेनसिल्व्हेनियातला. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती चालू असताना त्यांनी तिला नकार दिला आणि तुरुंगात गेले. वर्षाहून थोडा अधिक काळ आत काढून सुटल्यावर मेथडिस्ट चर्चतर्फे ते भारतात आले. १९५३ पासून १९५६ पर्यंत ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. मुलांना खेळ शिकवत, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत. गांधीजींची हत्या होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि त्यांच्याबरोबर काम केलेली, तुरुंगात गेलेली माणसं हयात होती. लॉसन अशा माणसांना भेटले, त्यांचं ऐकलं. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली, की अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय जनतेने बसगाड्यांवर बहिष्कार टाकला आहे. त्यांना अतोनात आनंद झाला. आपण इथे जे शिकायला आलो, ते तिकडे आपल्या माणसांनी सुरू केलं आहे, हे त्यांना कळलं होतं.

मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. किंग त्यांना म्हणाले, शिक्षण पुरं व्हायची वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि एका चर्चमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले.

या वर्गांविषयी मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण सगळं बळ तिथलं आहे. तिथे व्याख्यानं कमी आणि सराव जास्त होता. खुर्च्या ओळीने मांडून काउंटर तयार करायचा. काहींनी तिथे बसायचं आणि काहींनी हल्लेखोर व्हायचं. हल्लेखोर झालेल्यांनी आपल्याच मित्राला घाणेरड्या शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून द्यायचं. पडल्यावर डोकं हातांनी कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, सोबत्याला फार मार बसत असेल तर मध्ये आपलं शरीर कसं आणायचं, याची पुन्हा पुन्हा तालीम. जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफाएट या दोन विद्यार्थ्यांनी तर नियमांचा कागदच तयार केला होता. मारलं तरी उलट मारू नका, शिवी दिली तरी शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. आणि शेवटी, येशू, गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण आठवा.

मोठ्याने हसू नका, हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. घाबरलेलं माणूस हसतं आणि समोरच्याला वाटतं आपली चेष्टा चालली आहे. इतक्या बारकाईने ज्यांनी विचार केला, त्यांना भाबडी मुलं कोण म्हणेल?

पण मार खाण्याची तालीम घेता येते, तुरुंगाच्या बदनामीची कशी घ्यायची? यातली कितीतरी मुलं घराण्यातली पहिलीच कॉलेजात आलेली. जॉन लुईसचे आईवडील अलाबामातले शेतकरी. मुलाला अटक झाली हे कळल्यावर आईने त्याला कळवळून पत्र लिहिलं, की तू शिकायला गेला आहेस, या सगळ्यातून बाहेर पड. कृष्णवर्णीय घरांत आईबाप मुलांना जन्मभर एकच गोष्ट शिकवत आले होते: पोलिसांच्या वाटेला जाऊ नकोस. आणि मुलं आपल्या पायाने तुरुंगात जात होती. आईबापांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दक्षिणेतल्या तुरुंगात काळ्या माणसाचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

खुद्द लॉसन यांना मार्च १९६० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. एप्रिलमध्ये वकील लूबींचं घर बॉम्बने उडवलं. ते आणि त्यांची पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे नगरपालिकेवर चालून गेले. तिथे डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर सरळ विचारलं, आणि लंच काउंटरवरचा भेदभाव संपला पाहिजे हे महापौरांनी मान्य केलं. १० मे १९६० रोजी नॅशव्हिलच्या काउंटरवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना पहिल्यांदा खायला मिळालं.

बाकी दक्षिणेत मात्र अटका चालूच राहिल्या आणि एक व्यावहारिक अडचण पुढे आली. मुलं काउंटरवर बसत, अटक होई, चळवळीतली संघटना जामीन भरून त्यांना सोडवी. पुन्हा बसत, पुन्हा जामीन. चर्चमध्ये गरिबांनी डॉलर-डॉलर जमवलेला निधी सरकारच्या तिजोरीत जात होता. म्हणजे वर्णभेद चालवण्याचा खर्च वर्णभेद सोसणाराच भागवत होता!

याचा हिशेब साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिल या लहान गावात उलटा झाला. ३१ जानेवारी १९६१ रोजी तिथल्या फ्रेंडशिप ज्युनिअर कॉलेजचे विद्यार्थी आणि त्यांना तयार करणारा टॉमस गेदर हा तरुण कार्यकर्ता, असे दहा जण मॅक्रोरीज या दुकानाच्या काउंटरवर बसले. लगेच पकडले गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षा झाली, १०० डॉलर दंड किंवा ३० दिवस सक्तमजुरी. एकाने दंड भरला. त्याची खेळातली शिष्यवृत्ती जाण्याची भीती होती आणि त्याबद्दल त्याला कमी लेखणं मला योग्य वाटत नाही. उरलेले नऊ जण यॉर्क काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कैदी छावणीत गेले आणि फावड्याने वाळू उपसू लागले. संघटनेचा एक डॉलरही त्यांच्यावर खर्च झाला नाही. उलट त्यांना जेवण घालणं, त्यांच्यावर पहारा ठेवणं हा सगळा बोजा काउंटीवर पडला. ‘तुरुंग चालेल, जामीन नको’ हे त्यांचं ब्रीद दक्षिणेतल्या कॉलेजाकॉलेजांत पोहोचलं. त्यांना साथ द्यायला डायन नॅश, रुबी डोरिस स्मिथ, चार्ल्स शेरॉड आणि चार्ल्स जोन्स हे चौघे मुद्दाम रॉक हिलला गेले, काउंटरवर बसले आणि त्यांनीही ३० दिवसांची कैद पत्करली.

चळवळीतल्या सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. थर्गूड मार्शल यांच्यासारखा मोठा वकील, ज्यांनी शाळांमधल्या वर्णभेदाचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता, तेही म्हणत होते की वकील सोडवू शकत असेल तर तुरुंगात बसून राहण्यात अर्थ नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण गावचा न्यायाधीश पाठ फिरवून बसतो आणि वरच्या कोर्टाचा निकाल यायला वर्षं लागतात, तेव्हा विद्यार्थ्याच्या हातात स्वतःच्या शरीराखेरीज दुसरं काय असतं?

मग १९६१ चा उन्हाळा आला. आंतरराज्य बसप्रवासात आणि बस स्टँडवर भेदभाव चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल होते, पण दक्षिणेत ते कुणी पाळत नव्हतं. मे महिन्यात गोरे आणि काळे प्रवासी मिळून बसने निघाले. १४ मे रोजी अलाबामात ॲनिस्टनजवळ त्यांची एक बस जाळली गेली. बर्मिंगहॅमला आणि मॉन्टगोमेरीला बेदम मारहाण झाली. प्रवास थांबणार असं दिसताच नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी आपली माणसं पाठवली. मिसिसिपीत जॅक्सनला उतरताच अटक होऊ लागली. जेम्स लॉसनही तिथे पकडले गेले. मागून बसगाड्या येतच राहिल्या, आणि उन्हाळा संपेपर्यंत एकट्या जॅक्सनमध्ये ३०० हून अधिक माणसं पकडली गेली.

त्यांतल्या अनेकांना पार्चमन या कुप्रसिद्ध सरकारी तुरुंगात, सर्वांत कडक बंदोबस्ताच्या भागात ठेवलं. अंगावर फक्त बनियन आणि चड्डी. कैदी गाणी म्हणत. पहारेकरी म्हणत, गाणं बंद करा, नाहीतर गाद्या काढून नेऊ. गाद्या गेल्या, दात घासायचे ब्रश गेले, आणि लोखंडी फळीवर झोपणारी ती मुलं गातच राहिली. मिसिसिपीचा कायदा असा होता, की ४० दिवसांच्या आत जामीन भरून अपील केलं नाही तर अपिलाचा हक्क जाई. म्हणून बरेच जण मुदत संपता संपता बाहेर पडत, म्हणजे तुरुंगही भरलेला राहील आणि खटलाही जिवंत राहील. या अटकांचा दाब वाढत गेला, आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून आंतरराज्य बस स्टँडवरच्या ‘गोऱ्यांसाठी’, ‘काळ्यांसाठी’ अशा पाट्या काढण्याचा केंद्रीय आयोगाचा आदेश लागू झाला.

डायन नॅशची हकीकत इथे संपत नाही. १९६२ मध्ये मिसिसिपीत अल्पवयीन मुलांना अहिंसेचं शिक्षण दिलं म्हणून तिला दोन वर्षांची शिक्षा झालेली होती. मुलांना बिघडवलं, असा तो आरोप! ती तेव्हा गरोदर होती. अपील करता आलं असतं. ती जॅक्सनला जाऊन स्वतः हजर झाली. तिने जाहीर सांगितलं, की मिसिसिपीत जन्मणारं प्रत्येक काळं मूल तसंही तुरुंगातच जन्मतं, माझ्या जाण्याने माझं मूल आणि सगळी मुलं मोकळी होण्याचा दिवस जवळ येत असेल तर मी जाते. कोर्टात ती गोऱ्यांच्या बाजूच्या बाकावर बसली आणि उठायला तयार झाली नाही, म्हणून १० दिवसांची कैद मिळाली. ती तिने भोगली. मूळची दोन वर्षांची शिक्षा अमलात आणण्याचं धाडस न्यायाधीशांना झालं नाही.

रॉक हिलच्या नऊ जणांवरचा गुन्हेगाराचा शिक्का मात्र ५४ वर्षं तसाच होता. २८ जानेवारी २०१५ रोजी न्यायाधीश जॉन हेज यांनी त्यांची शिक्षा रद्द केली. १९६१ मध्ये शिक्षा सुनावणारे न्यायाधीश त्यांचे काका होते. नऊ जणांच्या वतीने उभे राहिले अर्नेस्ट फिनी, १९६१ मध्येही त्यांचेच वकील असलेले आणि पुढे साउथ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. सरकारी वकिलांनी भर कोर्टात माफी मागितली. नऊ जणांपैकी रॉबर्ट मॅक्कलो तोवर हयात नव्हते.

जेम्स लॉसन जून २०२४ मध्ये गेले, पंचाण्णवाव्या वर्षी. ज्या व्हँडरबिल्टने त्यांना काढलं होतं, तिथेच ते पुढे सन्मानाने शिकवून आले. त्यांच्या अमेरिकेतल्या कामाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नागपुरातल्या त्यांच्या तीन वर्षांविषयी मराठीत फारच थोडं वाचायला मिळतं. म्हणून विदर्भातल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. १९५३ ते १९५६ या वर्षांत हिस्लॉप कॉलेजात शिकलेलं कुणी तुमच्या नात्यात, शेजारात असेल, तर आता ते नव्वदीच्या आसपास असतील. त्यांना लॉसन सर आठवतात का, ते जरूर विचारा. मैदानावर ते काय शिकवत, मॉन्टगोमेरीची बातमी आली तेव्हा कुणाशी काय बोलले, जे आठवेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, नाहीतर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि हे काम या आठवड्यातच करा.

नमस्कार.